घरापुढे पोर्च काढताय? आधी ऊन, माती आणि मार्जिन बघा

एप्रिल लागला की नागपुरात दोन कामांना ऊत येतो. कूलरच्या ताट्या बदलायच्या आणि घरापुढे काहीतरी छप्पर काढायचं. कोणी टिनाचं शेड टाकतं, कोणी चार खांबांवर स्लॅब, आणि हल्ली मोबाईलवरचे फोटो दाखवून लाकडी डेक मागणारेही भेटतात. काम निम्म्यावर येतं तोच शेजारचे काका कंपाउंडवरून डोकावतात, ‘मार्जिनमध्ये येऊन राहिलं हो तुमचं.’ मार्जिन म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा. पावसाळ्यानंतर जुन्या भिंतीला आणि नव्या छताला जोडणारी रेघ फाटते. पुढच्या मे महिन्यात कळतं की दुपारी चारचं ऊन छपराखालून सरळ हॉलमध्ये येतंय. या तिन्ही गोष्टी खड्डा मारायच्या आधी कळू शकतात, आणि त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नागपुरात पोर्च ही सावलीची जागा आहे, खोली नव्हे. तो कायम उघडा राहील अशा बेताने आखला तर घर थंड राहतं आणि कागदपत्रांचा त्रास कमी होतो. ‘आत्ता छप्पर टाकू, पुढे सवडीने बंद करून घेऊ’ या बेताने काढला की पुढचं सगळंच अवघड होतं.

ऊन कुठून येतं, ते आधी बघा

बहुतेक लोक पोर्चची रुंदी गाडीवरून ठरवतात. गाडी बसली पाहिजे हे खरंच, पण रुंदी खरी ठरते ती सूर्यावरून, आणि प्रत्येक दिशेचा हिशेब वेगळा.

नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्याच पायाशी गोळा होते. म्हणजे दक्षिणेच्या भिंतीला मे महिन्यात माध्यान्हीच्या उन्हाचा त्रास फारसा नसतो, साधा छज्जाही पुरतो. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेला साधारण ४५ अंशांपर्यंत उतरलेला असतो. ४५ अंशांचा हिशेब सोपा: छप्पर जितकं पुढे, तितकीच सावली भिंतीवर खाली. दहा फूट उंचीवर पाच फूट रुंद छप्पर असेल तर भिंतीचा वरचा पाच फूट भाग सावलीत आणि खालच्या पाच फुटांवर कोवळं ऊन. हिवाळ्यात आजी-आजोबांना पाठ शेकत बसायला अजून काय हवं?

खरी अडचण पश्चिमेची. मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे २३ अंशच वर असतो. आठ फूट रुंद पोर्च काढला, तरी त्या वेळी भिंतीवर वरून फक्त साडेतीन फूट सावली पडते. खिडकी, दार, सोफा, सगळं उन्हात. रुंदी बारा फूट केली तरी सावली सव्वापाच फुटांवर थांबते. म्हणजे पश्चिमेला आडवं छप्पर कितीही वाढवा, पैसे जातील आणि ऊन येतच राहील. तिथे उभा आडोसा लागतो: बांबूची चिक, मातीच्या विटांची जाळी, किंवा तारेवर चढवलेली मधुमालती. छताची पुढची कड खाली घेतली, म्हणजे घराकडे दहा फूट आणि बाहेरच्या बाजूला साडेसात फूट, तरी बराच फरक पडतो. जुन्या घरांच्या छपऱ्या पुढे वाकून जावं लागेल इतक्या ठेंगण्या असायच्या, त्यामागे हेच कारण होतं.

पूर्वेचा पोर्च इथे सगळ्यात सुखाचा. सकाळचं ऊन नऊ-दहापर्यंत येतं, आणि दुपारनंतर अख्खं घर त्याच्यावर सावली धरतं. संध्याकाळी पाणी शिंपडून खुर्च्या टाकल्या की बसण्यासारखी जागा तीच. उत्तरेला फार खर्च करू नका, पावसाचा सपकारा आत येणार नाही इतकं छप्पर पुरे.

इतकं बारीक बघायचं का? २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. तेवढी वेळ रोज येत नाही, पण ४४-४५ तर आपण ‘आज जरा बरं आहे’ म्हणून सोडून देतो.

‘बंद केला तर एक खोली वाढते ना?’

वाढते. आणि घरातली थंडाई कमी होते. नागपूरची बहुतेक घरं अजून डेझर्ट कूलरवर चालतात. कूलर पाण्यातून हवा ओढतो, पाणी वाफ होताना उष्णता शोषून घेतं, हवा थंड होते. ही वाफ होण्यासाठी बाहेरची कोरडी हवा लागते. आता विचार करा: हॉलच्या खिडकीत कूलर आहे, आणि त्या खिडकीबाहेरचा पोर्च तुम्ही ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा लावून बंद केला. कूलरला कोरडी हवा मिळणं बंद. तो बंद पोर्चातली, दारातून परत आलेली दमट हवाच फिरवत बसतो. आठवड्याभरात गाद्यांना वास, लाकडी दारं फुगलेली, आणि घरातले सगळे म्हणतात, ‘यंदा कूलर काम करून नाही राहिला.’ मिस्त्री बोलावला जातो, पंप बदलला जातो, उपयोग शून्य.

उघड्या पोर्चात मात्र कूलर उलट जास्त चांगला चालतो. टाकी आणि ताट्या सावलीत राहतात, पाणी उकळल्यासारखं तापत नाही. चोरीची भीती असेल तर लोखंडी ग्रिल लावा, हवा अडत नाही. डासांसाठी जाळी लावायची तर कूलरच्या मागचा भाग सोडून.

कूलर स्टँडखाली टपकणारं पाणी पायाशी मुरू देऊ नका, ते पाईपने लांब काढा. एवढ्याशा पाण्याचं काय, असं वाटेल. त्यासाठी जमिनीत डोकावावं लागेल.

खाली काळी माती आहे का?

नागपूरच्या अनेक भागांत, आणि नव्या लेआउटांमध्ये तर फारच, खाली काळी कापसाची माती लागते. या मातीतला चिकण भाग पाणी पिऊन फुगतो आणि वाळला की आकसतो. मे महिन्यात शेतात पाय जाईल इतक्या भेगा पडलेल्या दिसतात, त्या याच. ही माती वर्षातून एकदा वर येते, एकदा खाली जाते, आणि तिच्यावर जे हलकं ठेवलेलं असेल ते घेऊन जाते. दुमजली घराच्या वजनाखाली ती थोडी दबून राहते. पोर्चसारखं हलकं बांधकाम मात्र ती सहज उचलते.

त्यात जुनं घर बसून पंधरा-वीस वर्षं झालेली, त्याचा पाया जिथे स्थिरावायचा तिथे स्थिरावलेला. नवा पोर्च आत्ता कुठे बसायला लागणार. दोघांना सिमेंटने घट्ट जोडणं म्हणजे म्हातारा बैल आणि नवं गोऱ्हं एका जुवाला बांधणं. चाल वेगळी असल्यावर जू तरी मोडतं नाहीतर मान तरी सोलते. इथे मोडतो तो सांधा.

म्हणून मिस्त्री ‘जुन्या भिंतीत खाच मारून स्लॅब टेकवून देतो, दोन खांब वाचतात’ म्हणाला तर हसून नाही म्हणा. पोर्च स्वतःच्या चार खांबांवर स्वतंत्र उभा करायचा, घर आणि पोर्च यांच्यात इंचभर फट ठेवायची, फटीत दबणारा थर्माकोलसारखा पट्टा भरायचा आणि वरून पाणी जाऊ नये म्हणून पत्र्याची किंवा रबराची पट्टी मारायची. दोघं आपापल्या चालीने हलोत. दिसायलाही ती रेघ वाईट दिसत नाही, निदान वेडीवाकडी चीर पडण्यापेक्षा बरी.

खांबाचा खड्डा किती खोल, याला एकच आकडा नाही. काळी माती संपून घट्ट मुरूम लागेपर्यंत जायचं. काही वस्त्यांत तीन-चार फुटांवर मुरूम लागतो, काही ठिकाणी दहा फुटांनंतरही काळीच माती. थर इतका जाड असेल तर उघडे खड्डे मारत बसण्यापेक्षा खाली फुगीर बुंध्याचे पाईल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, घेतात, त्यांना अंडररीम्ड पाईल म्हणतात. काळ्या मातीच्या जाड थरात ते निदान साडेतीन मीटर खोल नेतात, कारण त्याखाली ओल-वाळीचा खेळ जवळजवळ थांबतो. दोन खांबांच्या टिनाच्या शेडसाठी हे जास्त होईल, पण वर खोली चढवायचा विचार मनात असेल तर माती तपासणाऱ्या तज्ज्ञाला किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवा. त्याची फी एका दुरुस्तीपेक्षा कमीच असते.

फरशीखालचं वेगळं. तिथली वरची काळी माती दीड-दोन फूट काढून मुरूम भरायचा, तोही सहा-सहा इंचांच्या थरात, पाणी मारून, धुमस करून. ठेकेदार एकदाच ट्रॉली ओतून वर गिट्टी पसरतो आणि म्हणतो, बसेल पावसात. बसतो, तुमच्या टाईल्स घेऊन.

छत कशाचं?

टिनाचा पत्रा स्वस्त, झटपट, आणि दुपारी दोन वाजता त्याच्याखाली उभं राहवत नाही. वरून पांढरा रंग द्या, खाली बांबूच्या चटईची सीलिंग करा, मधे हवा खेळू द्या, मग चालतो. मधे फोम असलेलं पफ पॅनल त्याहून पुष्कळ चांगलं. पॉलीकार्बोनेटचा पारदर्शक पत्रा नागपुरात कोणी का लावतो हे मला कधी समजलं नाही. सावलीसाठी छप्पर काढायचं आणि ते काचेसारखं घ्यायचं! कवेलूचं छप्पर थंड आणि देखणं, पण सेमिनरी हिल्स किंवा सिव्हिल लाईन्सच्या बाजूला राहत असाल तर वानरांचा हिशेब धरा.

स्लॅब टिकाऊ खरा, पण दिवसभर तापून रात्री दहापर्यंत ती उष्णता खाली सोडतो. त्यावर कुंड्या, हिरवी नेट किंवा पांढऱ्या चिनी तुकड्यांचं काम केलं की फरक जाणवतो. दीडशे चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे साधारण पावणेदोन घनमीटर काँक्रीट, एकास दीडास तीन (सिमेंट, रेती, गिट्टी) या प्रमाणात सिमेंटची १४ पोती. ठेकेदाराने नऊ मागवली तर उरलेली पाच कुठे गेली, हे स्लॅब ओतायच्या दिवशीच विचारावं.

पत्र्याच्या शेडला उन्हाइतकीच वाऱ्याची भीती. मे-जूनचं वादळ तीन बाजूंनी उघड्या शेडमध्ये खालून घुसतं आणि पत्रा वर उचलतं. बांधकामाच्या भारतीय मानकात नागपूरसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, म्हणजे तासाला दीडशे किलोमीटरच्या वर. त्यामुळे खांब फरशीवर ठेवून चार खिळ्यांनी बसवलेला नको. खाली काँक्रीटमध्ये पुरलेले बोल्ट हवेत. पत्र्याच्या कडेच्या ओळीला स्क्रू दुप्पट.

खांब नसलेला पोर्च

घरातून पुढे झुलता निघालेला, समोर खांब नसलेला स्लॅब म्हणजे कॅन्टिलिव्हर. गाडी वळवायला सोयीचा आणि दिसायला ऐटदार. पण एक गोष्ट डोळ्यांनी बघून घ्यावी अशी. चारी बाजूंनी टेकलेल्या स्लॅबमध्ये मुख्य लोखंड खालच्या अंगाला असतं. झुलत्या स्लॅबमध्ये ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळ्या वर हव्यात. होतं काय, सळ्या बांधताना वरच असतात. मग मजूर घमेली घेऊन त्यांच्यावरून चालतात, सळ्या दबून खाली जातात, आणि काँक्रीट पडलं की कोणाला दिसत नाही. सेंट्रिंग निघाल्यावर मुळाशी चीर येते, कधी अख्खा छज्जा लटकतो. ओतकामाच्या आधी सळ्यांखाली लोखंडी खुर्च्या, म्हणजे त्यांना वर धरणारे टेकू, बसवले आहेत का आणि चालायला फळ्या टाकल्या आहेत का, एवढं बघायला घरातलं कोणीही चालतं.

जुन्या घराला नव्याने असा पोर्च जोडायचा असेल तर सळ्या आतल्या स्लॅबमध्ये बऱ्याच आतपर्यंत गेल्या पाहिजेत. ड्रिल मारून चार इंच सळई खोचणं म्हणजे जोडणं नव्हे. हे काम इंजिनिअरशिवाय करूच नये.

मार्जिन म्हणजे काय आणि ती कोणाची?

प्लॉटच्या हद्दीपासून बांधकामापर्यंत जी जागा मोकळी सोडावी लागते तिला नियमांत सामासिक अंतर म्हणतात, आपण मार्जिन म्हणतो. ती तुमच्याच मालकीची असते, पण बांधायला नसते. अग्निशमनाची शिडी, शेजाऱ्याचा उजेड, पावसाचं पाणी आणि गटाराची लाईन यांच्यासाठी ती ठेवलेली. किती सोडायची, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर आणि प्लॉटच्या आकारावर ठरतं. डिसेंबर २०२० पासून राज्यातल्या मुंबईबाहेरच्या बहुतेक शहरांना एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, नागपूरही तिच्यात येतं. पाऊण मीटरपर्यंतचा छज्जा मार्जिनमध्ये चालतो. मुख्य दारावरचा झुलता, उघडा, वर बसायला न वापरता येणारा छोटा पोर्चही लांबी-रुंदीच्या मर्यादेत चालतो. चार खांब ठोकून मार्जिनभर स्लॅब टाकला की ते बांधकाम झालं.

परवानगी कोणाकडे मागायची, हा इथला खास गोंधळ. काही भाग महापालिकेकडे, काही नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास), शहराबाहेरचा पट्टा एनएमआरडीएकडे (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). घराचा मंजूर नकाशा काढा, त्यावर शिक्का कोणाचा आहे ते बघा, तिथूनच सुरुवात करा.

‘पण माझ्याकडे आरएल आहे’ हे वाक्य नेहमी ऐकू येतं. आरएल म्हणजे नियमितीकरणाचं पत्र. गुंठेवारीच्या २००१ च्या कायद्याखाली प्लॉट नियमित झाल्याचा तो कागद. प्लॉट नियमित झाला म्हणून त्यावर पुढे जे जे बांधाल ते आपोआप मंजूर होत नाही. तसंच घरपट्टीचं. वाढीव बांधकामावर कर लावला आणि तुम्ही भरला, म्हणून ते अधिकृत ठरत नाही.

‘हे तर टेम्पररी आहे, नटबोल्टवर उभं’ असं म्हणणाऱ्यांना सांगायचं, तात्पुरत्या शेडलाही परवानगीचे नियम आहेत. ‘अख्ख्या गल्लीने काढलंय’ हे खरं असेल, पण महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस गल्लीला येत नाही, एका घराला येते, आणि बहुतेकदा ती शेजाऱ्याच्या तक्रारीवरून येते. लहान प्लॉटांसाठी परवानगीची पद्धत आता सोपी केली आहे, ऑनलाईन आहे. पद्धत सोपी झाली म्हणजे मार्जिन माफ झाली, असा अर्थ व्हॉट्सॲपवर फिरतो तेवढाच.

रस्ता उंच, घर खाली

सिमेंट रोड झाल्यापासून अनेक वस्त्यांत रस्ताच घराच्या जोत्यापेक्षा वर गेला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हापासून पोर्चची उंची हा नुसता दिसण्याचा प्रश्न राहिला नाही. पोर्चची फरशी रस्त्यापेक्षा निदान थोडी वर आणि घरातल्या फरशीपेक्षा एक पायरी खाली, ही चौकट. दोन्ही जमत नसेल तर गेटच्या आत आडवी जाळीची नाली घ्या. रॅम्प काढताना तो रस्त्यावर किंवा नालीवर नेऊ नका, अतिक्रमणवाले सगळ्यात आधी तोच फोडतात.

फरशीला आठ फुटांत एक इंच उतार पुरतो, बाहेरच्या बाजूने. छताचं पाणीही मोजा: दीडशे चौरस फुटांवर ५० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे सातशे लिटर. ते शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडलं तर भांडण, तुमच्याच पायाशी सोडलं तर पुन्हा काळ्या मातीचं फुगणं. पाईपने बोअरच्या शोषखड्ड्यात नेलेलं बरं.

‘मग लाकडी डेक नकोच का?’

फोटोंतले डेक थंड देशांचे असतात. तिथे ऊन अंगावर घ्यायचं असतं, इथे चुकवायचं. प्लास्टिक आणि भुसा मिसळून केलेल्या डब्ल्यूपीसी पट्ट्या मे महिन्यात अनवाणी पायाला सहन होत नाहीत. खरं लाकूड हवं तर गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या सागवानाला तोड नाही, पण त्याची किंमत ऐकून माणूस खुर्ची शोधतो. शिवाय डेकखालच्या पोकळीत उधई, उंदीर, आणि उंदरांमागे साप. हौस भागवायची तर छपराखाली, जमिनीपासून दीड-दोन फूट वर, खाली झाडता येईल असा छोटा भाग करा. नाहीतर सरळ ओटा बांधा, वर खरबरीत शहाबादी फरशी घाला. त्यावर पाणी मारलं की पाच मिनिटांत बसता येतं, डेकवर ते जमत नाही.

काम कधी काढायचं?

लोक एप्रिलात सुरू करतात, कारण गरज तेव्हा आठवते. माती तेव्हा दगडासारखी कडक असते आणि खोल गेल्यासारखं वाटून खड्डा लवकर थांबवला जातो. काँक्रीटवर मारलेलं पाणी तासाभरात उडतं. दिवाळी झाली की सुरू करावं, माती ना फार ओली ना फार वाळलेली, आणि मिस्त्रीही दिवसभर टिकतो.

दर ठरवताना चौरस फुटाच्या भावात काय नाही, ते लिहून घ्या: खोदकाम, मुरमाचा भराव, जुनी फरशी फोडणं, मलबा उचलणं, गटाराचा चेंबर हलवणं. भांडणं याच पाच गोष्टींवरून होतात. आणि स्लॅब ओतल्यावर वर सिमेंटची आळी करून पाणी भरून ठेवा. बाजारात मिळणारं बहुतेक सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, असतं, त्याला एरवीही दहा दिवस पाणी लागतं. गरम, कोरड्या हवेत १४ दिवस. पहिले तीन दिवस सगळे उत्साहाने पाणी मारतात, चौथ्या दिवसापासून ते मजुराचं काम होतं, सातव्या दिवशी मजूर दुसऱ्या साईटवर गेलेला असतो. पुढचा आठवडा पाईप तुम्हीच हातात घ्या, आणि झुलता पोर्च असेल तर इंजिनिअरने सांगितल्याशिवाय खालच्या टेकूच्या बल्ल्या काढू देऊ नका.